वीतभर अंतरावरचे जग
(आकाशवाणीवरील भाषण)



मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्रा भरते, आणि यात्रेहून परतणाऱ्या आजोबांच्या पिशवीत चिरमुऱ्या-बत्ताशांबरोबर नातवंडासाठी एखादे खेळणे नाही, असे सहसा घडत नाही. माझ्या परिचयाच्या एका घरी अशाच एका आजोबांनी तीन आठवड्यांच्या नातीसाठी फिकट गुलाबी आणि पिवळ्या पाखरांचे चिमणाळे हौसेने आणले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागू नये म्हणून ते पाळण्यावर चांगले दोन हात उंच टांगले. परंतु नातीने पाखरांची दखलही न घेता आपली नजर खिडकीच्या काळ्या गजांवर आणि त्यांमागच्या उजेडावर खिळवून ठेवली, तेव्हा आजोबा हिरमुसले, आणि 'सटवाई दावतीया तिला कायतरी' असा आजींनी निकाल दिला.

त्या निकालावर अपील करण्याची माझी प्राज्ञा नाही. तथापि शास्त्राच्या दफ्तरी या प्रकरणाचा निराळा दाखला सापडतो. नवजात अर्भकाला त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते ते सुमारे 20 ते 30 सेंटिमीटरवरचे. सूक्ष्म भेद टिपणारा नेत्रपटलाचा मध्यभाग त्या वयात अपक्व असतो, आणि रंगांची पारख पुढल्या दोन-चार महिन्यांत क्रमाक्रमाने येते. त्यामुळे फिकट रंगांची नाजूक नक्षी त्याच्या लेखी केवळ धुके ठरते, आणि काळ्यापांढऱ्याची ठळक सीमा मात्र त्याला गवसते. रॉबर्ट फॅन्ट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1963 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जन्मून पाच दिवसही न झालेली अर्भकेसुद्धा साध्या रंगीत चकतीपेक्षा चेहरा, वर्तुळे किंवा छापील मजकूर यांकडे अधिक वेळ पाहत राहतात, असे आढळले.

आता आपली जुनी वीत म्हणजे 9 इंच, अर्थात जवळजवळ 23 सेंटिमीटर. तेव्हा मोजमापाचे साधन प्रत्येक आईच्या हाताशीच आहे. पांढऱ्या मांजरपाटाच्या रुमालाएवढ्या तुकड्यावर बोटभर रुंदीच्या काळ्या पट्ट्या घट्ट शिवाव्यात, दुसऱ्या तुकड्यावर एकच मोठे काळे वर्तुळ शिवावे, आणि मूल जागे व प्रसन्न असताना ते त्याच्या डोळ्यांपासून वीत-दीड वीत अंतरावर धरून सावकाश इकडून तिकडे न्यावे; त्याने तोंड फिरवले की त्याला विश्रांती हवी असे समजून खेळ तेथेच थांबवावा. मणी, बटणे आणि लोंबते दोरे सर्वथा वर्ज्य, कारण आज जे केवळ पाहिले जाते ते चार महिन्यांनी मुठीत आणि तोंडात जाणार. आणि तीन महिने उलटूनही मूल कशावर नजर स्थिर करीत नसेल, अथवा डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

हे साहित्य विकत आणण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा उपक्रम आरंभला, तेव्हा महागड्या उपकरणांऐवजी परिसरातले शिंपले, खडे आणि बिया त्यांनी शिक्षणाच्या कामी लावल्या. मग ज्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाने मेंढीच्या एका जातीला नाव दिले, तेथे काळ्या घोंगडीचा पांढरा काठ वीतभर अंतरावरून दाखवायला कोणती अडचण आहे? घोंगडीची लोकर मात्र तोंडात जाऊ देऊ नये, एवढे पथ्य पाळावे. अशा चिंध्यांनी मूल अलौकिक बुद्धीचे निपजेल, असा दावा मी करीत नाही. पाहण्याच्या उमलत्या शक्तीला थोडा व्यायाम मिळतो, इतकेच.

त्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा चिमणाळे खुंटीवर विसावले होते, आणि सूनबाई पट्ट्यांचे फडके धरून लेकीवर वाकल्या होत्या. मुलीने पट्ट्या क्षणभर पाहिल्या, आणि मग तिची नजर वर सरकून आईच्या काळ्याभोर केसांची गोऱ्या कपाळाशी जेथे गाठ पडते, त्या रेषेवर जाऊन थांबली. पहिल्या महिन्यात मूल चेहऱ्याची ही कडच न्याहाळते, डोळ्यांपर्यंत ते दुसऱ्या महिन्यात पोहोचते. आजोबा म्हणाले, 'म्हंजी आजून म्हैनाभर थांबायचं.' आणि पाळण्याजवळ चौरंग ओढून ते बसले.