नव्या रुग्णकक्षाच्या जागेचा नकाशा

(वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेल्या निवेदनाचा मजकूर)



बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णांसाठी नवा कक्ष बांधण्याचा संकल्प आपल्या सर्वांसमोर आहे. देणग्या येऊ लागल्या, मग पाया केव्हा खणणार, असे आपण आम्हांस वारंवार विचारता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकासाची परवानगी मिळाल्याखेरीज कुदळ मारता येत नाही. आणि त्या छाननीचा पाया म्हणजे जागेचा नकाशा. सध्या आम्ही त्याच कामात गुंतलो आहोत.

सातबाऱ्यावर क्षेत्र असते, आकार नसतो. म्हणून प्रथम भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावयाची. कुंपण तीच हद्द, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते. परंतु कुंपण पुष्कळदा शेजारधर्माने घातलेले असते, आणि मोजणी शेजारधर्म जाणत नाही! त्या मोजणीवरून वास्तुविशारद १:५०० या प्रमाणात नकाशा काढतात. कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील पाच मीटर. पेन्सिल एक मिलिमीटर सरकली की जमिनीवर अर्धा मीटर सरकतो.

नकाशात उत्तर दिशा, पोहोच रस्ता व त्याची रुंदी, उभ्या इमारती, विहीर, झाडे, ओढा, वरून जाणाऱ्या वीजवाहिन्या आणि सांडपाण्याची वाट दाखवावी लागते. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, नियोजित बांधकाम लाल रंगात, पाडावयाचे पिवळ्या रंगात. मोकळ्या जागेस मात्र रंग नसतो.

या बिनरंगी जागेविषयी आम्हांस थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे. काही हितचिंतकांनी सुचविले की, सामासिक अंतरे शक्य तितकी कमी धरून चार खाटा अधिक बसवाव्यात. त्यांची भावना आम्ही जाणतो. खाटेअभावी परत जाणारा रुग्ण पाहवत नाही. तथापि रुग्णवाहिका थेट दारापर्यंत यावी, ती उभी असतानाही दुसरी बाहेर पडावी, प्रसंगी अग्निशमन दलाची गाडी इमारतीभोवती फिरावी आणि चालता न येणारा रुग्ण चादरीत घालून बाहेर आणता यावा, हे सर्व त्याच कोऱ्या पट्ट्यात घडते. नियमात बसते तेवढ्याने आमचे समाधान नाही. म्हणून चार खाटा कमी, पण वाट मोकळी, असा निर्णय मंडळाने घेतला आहे.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपला मुलूख अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे पुराचा विचार सहसा कोणी करीत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्याने कऱ्हेला पूर आला आणि बारामतीतील नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. मे २०२५ मध्ये तर ऐन उन्हाळ्यात अतिवृष्टी होऊन नीरा डावा कालवा फुटला. इंदापूरच्या बाजूस भीमा आणि उजनीचा फुगवटा आहेच. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. निळ्या व लाल रेषांच्या दरम्यान जोते उंच घेऊन, निर्बंधांसह ते करता येते. मात्र रेषेबाहेरच्या जागेतही पावसाचे पाणी उताराने येतेच. यास्तव जमिनीचे चढउतारही आम्ही मोजून घेत आहोत. जनित्र व प्राणवायूची टाकी जागेच्या सर्वांत उंच कोपऱ्यात दाखविली जाईल.

अर्ज दाखल झाल्यावर ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मानीव ठरते, असे कायद्यात आहे. ती सवलत नियमांत बसणाऱ्या प्रस्तावापुरतीच आहे. तिच्या भरवशावर देणगीदारांचा पैसा मातीत घालण्याची आमची तयारी नाही.

नकाशाचा कच्चा मसुदा कार्यालयाच्या ओसरीत लावला आहे. बुजलेल्या चाऱ्या आणि ओढ्याची जुनी वाट ज्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल, त्यांनी सभेनंतर अवश्य तेथे यावे आणि ती बोटाने दाखवावी. वास्तुविशारद तेथे पेन्सिल घेऊन उभे आहेत.