एका उंचीचे दगड

मी भाषणवाला नाही. गोदीत माल चढवतो, उतरवतो, रात्री कविता लिहितो. एक जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाला सलामी देऊन परतताना आम्ही चौघं खडकीला उतरलो. तिथल्या युद्ध-स्मशानभूमीत गेलो. त्याबद्दल बोलतो.

आत हिरवळ आणि रांगेनं दगड. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण. कुणी कॅप्टन, कुणी साधा शिपाई. दगड मात्र एका उंचीचे. ही जागा सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल कमिशनचा नियमच आहे : हुद्दा, वंश, धर्म बघून दगड लहानमोठा करायचा नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. गावी आमच्या वस्तीचा मसणवटा वेगळा, तिथं जायची वाटसुद्धा वेगळी.

शिवडीच्या कबरस्तानातले पहिल्या महायुद्धातले ६२९ जण १९६२ साली उकरून इथं आणले. का, तर तिथं निगा राहीना. मी शिवडीतच राहतो. आमची चाळ अजून टेकूवर आहे. असो.

पण याच कमिशनचा २०२१ चा अहवाल वाचा. पहिल्या महायुद्धात मेलेली निदान १,१६,००० माणसं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, त्यांची नावानं नोंदच केली नाही. काहींची तर कसलीच नाही. कोण ही माणसं? त्यात मोठा भरणा पूर्व आफ्रिकेतल्या ओझी वाहणाऱ्यांचा. म्हणजे हमालांचा. च्यायला, नियम बंदूकवाल्यांपुरता!

आता आपल्याकडं बघू. कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावं, त्यातली २२ 'नाक' लागलेली. १९२७ साली बाबासाहेब तिथं उभे राहिले, म्हणून आपणही उभे राहतो. राहिलंच पाहिजे. पण त्या पलटणीची ओझी कुणाच्या डोक्यावर होती, हे आपल्यातल्या कुणी कधी विचारलं?

१४ एप्रिलला आपण जयंतीच्या मिरवणुकीत नाचतो. १९४४ च्या त्याच तारखेला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोट फुटली. एकाच पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या! आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांची दरवर्षी आठवण होते, व्हायलाच हवी. बोटीत सोन्याच्या विटा होत्या. त्या पुढं कित्येक वर्षं गाळातनं निघाल्या आणि सरकारजमा झाल्या. गोदीतले मजूर किती मेले? तो आकडा पुस्तकागणिक वेगळा.

तेव्हा यंदा मिरवणुकीआधी, दुपारी चारला, मी गोदीच्या दारापाशी वही घेऊन उभा राहणार. कुणाचा आजा-पणजा त्या दिवशी पाळीवर गेला आणि परत आला नाही, असं घरातले म्हातारे सांगत असतील, तर नाव घेऊन या. गाव, टोळी, जे माहीत असेल ते. नुसतं हाक मारायचं नाव असलं तरी चालेल.