पाळणाघर आणि अनुदान
(वर्धापनदिनाच्या सभेत मंडळाच्या खजिनदारांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी खजिनदारणीने बोलावे असा प्रघात आपल्या मंडळात नाही. गाणी व्हावीत, पाहुण्यांचे भाषण व्हावे, आणि जमाखर्च वार्षिक सभेत अर्ध्या तासात मंजूर व्हावा, ही आपली रीत. यंदा कार्यकारिणीने मला मुद्दाम उभे केले आहे. पाळणाघराकरिता पुन्हा अनुदान मागावे की नाही, यावर आमच्यात सरळ दोन तट पडले असून निर्णय तुम्हां सर्वांना करावयाचा आहे. तेव्हा आकडे येणारच. कंटाळा आला तरी उठून जाऊ नये. चहा शेवटी आहे.

आपले पाळणाघर कोणासाठी आहे, हे नव्या सभासदांना सांगितले पाहिजे. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर विडी वळली जाते. पाने भिजवावयाची, कात्रीने मापात कापावयाची, तंबाखू भरून वळावयाची आणि दोरा बांधावयाचा. सूप मांडीवर आणि मूल सुपाशेजारी. रांगते मूल हाती लागेल ते तोंडात घालते, आणि तिथे हाती काय लागणार? तंबाखूच. मूल दूर ठेवावे तर विड्यांचा हजारा पुरा होत नाही, आणि हजारा पुरा नाही तर मजुरी नाही. कायद्याने या बाईचा विचार केला नव्हता असे नाही. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यात, पुष्कळ बायका एका जागी कामाला असतील तिथे पाळणाघर असावे, असे कलम घातले होते. परंतु काम कारखान्यातून घरात गेले आणि कलम कारखान्यातच राहिले. घरी बसलेल्या बाईला पाळणाघर द्यावे तर ते कोणी तरी बाहेरून चालवावे लागते, आणि तिथे आपल्यासारख्या मंडळांचा संबंध येतो.

अनुदानाची गोष्ट आपल्या मंडळाहून जुनी आहे. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, आणि दिल्लीचा पैसा लहान लहान संस्थांपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी १९४५ सालीच ताराबाई मोडकांनी बोर्डीला अनुताई वाघांना सोबत घेऊन खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशभर ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या अंगणवाड्या आज आपण पाहतोच. अंगणवाडीविषयी मला आदर आहे. परंतु ती काही तासांची असते. आठ महिन्यांच्या मुलाला दिवसभर तिथे ठेवून आईला काम करता येत नाही. त्यासाठी २००६ साली पाळणाघरांची वेगळी राष्ट्रीय योजना निघाली. २०१७ च्या जानेवारीपासून तिचा कारभार राज्यांकडे आला, आणि २०२२ पासून ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर भर आहे. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीला ते अजून जोडलेले नाही.

आता आकडे. २०१७ च्या नियमांप्रमाणे एका पाळणाघरात जास्तीत जास्त २५ मुले, एक सेविका, एक मदतनीस. सेविकेला महिना ३,००० रुपये, मदतनिसेला १,५००. शंभरातले ६० रुपये केंद्राचे, ३० राज्याचे आणि १० संस्थेचे. गरिबाच्या मुलाला महिना २० रुपये फी. म्हणजे सर्व २५ मुलांची फी वेळेवर आली तरी जमा ५०० रुपये. तेच अनुदान नाही असे धरा. नुसत्या दोघींच्या ४,५०० रुपयांसाठी प्रत्येक मुलामागे १८० रुपये घ्यावे लागले असते. खाऊ, भाडे, औषध वेगळेच. विडी वळणारी बाई हे देऊ शकत नाही. (या रकमेला ‘मानधन’ म्हणतात. वेतन म्हटले की कायदा दाराशी येतो. मानधन म्हटले की नमस्कारावर भागते. पण तो विषय दुसऱ्या दिवशी.)

मग भांडण कशाचे? भांडण २०१८ सालचे आहे, आणि त्यात माझाही दोष आहे, तो आधी सांगते.

त्या पावसाळ्यात छप्पर गळू लागले. पाळण्यांतल्या गाद्या भिजल्या. खाऊच्या खात्यात थोडी रक्कम शिल्लक होती, ती मी पत्र्यांवर खर्च केली. घरात आपण असेच करतो, किराण्याचे पैसे दवाखान्याला लावतो. अनुदानाचे तसे नसते. एका खात्याचा रुपया परवानगीवाचून दुसऱ्या खात्यात गेला की तो हिशेबात चोरीसारखा दिसतो. पहिला हप्ता कसा खर्च झाला याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा हप्ता निघत नाही, आणि माझे प्रमाणपत्र परत आले. मंडळाच्या निधीतून रक्कम भरून मी ते पंधरा दिवसांत दुरुस्त करून पाठविले. इथपर्यंत चूक माझी. त्यानंतर तो कागद ज्या कचेरीत पोहोचला तिथे कित्येक महिने निजून राहिला. हप्ता आला तो चौदा महिन्यांनी.

त्या काळात पाच महिने आपण अक्कांना आणि मदतनीस बाईंना एक पैसाही दिला नाही. पाळणाघर मात्र एक दिवसही बंद राहिले नाही. मुलांशी तेलुगूत बोलणारी, आयांशी तेलुगूत भांडणारी आणि आमच्याशी मराठीत हिशेब मागणारी दुसरी बाई आपल्याला मिळाली नसती. सहाव्या महिन्यात अक्का मला एवढेच म्हणाल्या, “ताई, दुकानदार आता उधार देत नाही.” त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. शेंगाच्या चटणीच्या विक्रीतून आपण त्यांना थोडे थोडे देऊ लागलो ते तेव्हापासून. २०२० च्या टाळेबंदीत सारेच थांबले. पुन्हा उघडल्यापासून चटणी आणि कुरडयांवरच आपले पाळणाघर चालले आहे, आणि मुले पंचवीसवरून चौदावर आली आहेत. अकरा मुले पुन्हा सुपाशेजारी आहेत.

आता एका कंपनीच्या सामाजिक निधीकडे अर्ज करावा अशी सूचना आली आहे. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांना द्यावेत, हा नियम २०१४ पासून अमलात आहे. कार्यकारिणीतील एक पक्ष म्हणतो, घ्यावे. चौदाची पंचवीस होतील. दुसरा म्हणतो, पुन्हा ओंजळ पसरून कोणाच्या कागदाची वाट पाहणे नको. दोन्हींत तथ्य आहे.

माझे मत विचाराल तर अर्ज करावा. कुंभारीला विडी कामगार बायकांची घरे उभी राहिली, दहा हजारांवर. २००६ साली त्यांचा ताबा मिळाला. त्यांत केंद्राचा पैसा होता, राज्याचा होता आणि त्या बायकांचा स्वतःचाही होता. आपला वाटा घालून मागणाऱ्याला ओंजळ पसरली असे मी म्हणणार नाही. मात्र माझ्या दोन अटी आहेत. देणाऱ्यांना पाळणे, खेळणी, रंगविलेल्या भिंती द्यावयास आवडते, कारण त्यांवर पाटी लावता येते. पाळण्याजवळ बसणाऱ्या बाईवर पाटी लागत नाही. म्हणून अर्जात पहिले कलम दोघींच्या पगाराचे असावे, आणि तेच नाकारले तर बाकीचे घेऊ नये. दुसरे असे की, सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम आपण आधी स्वतः जमवून बँकेत वेगळी ठेवावी आणि हप्ता लांबल्याखेरीज तिला हात लावू नये. ती जमल्यावाचून मी अर्जावर सही करणार नाही, हे आजच सांगून ठेवते. या दिवाळीला चटणी दुप्पट करावी लागेल. दाणे भाजण्यासाठी नावे द्या.

मतांच्या चिठ्ठ्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. मत सभासदांनाच आहे. इतकी वर्षे पाळणाघर चालविणाऱ्या अक्का सभासद नव्हत्या, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. आज सकाळी त्यांनी वर्गणी भरली आणि पावती मी स्वतः फाडली आहे. तेव्हा त्याही मत देतील.