फुटपाथ कुणाचा?

१९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे. खाजगी कामासाठी तो अडविण्याचा हक्क कोणासही नाही. ठीक आहे. मग त्याच फुटपाथवर टनभर वजनाची मोटार चढते, ती कोणत्या हक्काने? फेरीवाल्याची हातगाडी उचलून नेतात, हे आम्ही कामगारवस्तीत नित्य पाहतो. मोटारीच्या वाट्याला फार तर दंडाची पावती! २०१७ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट मनाई आहे, तरीही चाकांखाली फरश्या फुटतात आणि काठी टेकीत चाललेली म्हातारी बसच्या तोंडी, भर रस्त्यात उतरते. मालक म्हणतात, जागा नाही. अहो, मोटार विकत घेताना जागेची काळजी तुम्ही करावयाची, की त्या म्हातारीने?