यंत्राला मराठी कोण शिकविणार?



मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून अध्यापनाकडे वळणारी माणसे आपणांस अपरिचित नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात मात्र अशा एका स्थित्यंतराचा आपल्या मराठीशी निकटचा संबंध आला आहे.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून डॉक्टरेट मिळविलेले मितेश खापरा सुमारे साडेचार वर्षे आयबीएम रिसर्च इंडिया येथे संशोधक होते. पुढे ते मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापक झाले. 'डीप लर्निंग' या विषयावरील त्यांची व्याख्याने एनपीटीईएल या उपक्रमाद्वारे कोणासही घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. अध्यापनाच्या जोडीने साधननिर्मितीही सुरू झाली. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या 'एआयफोरभारत' या केंद्रास २०२२ मध्ये नीलेकणी दांपत्याने ३६ कोटी रुपयांचे साहाय्य दिले. २०२३ मध्ये केंद्राने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी 'इंडिकट्रान्स२' ही भाषांतरप्रणाली सर्वांना खुली केली. मराठी व कोकणी या दोन्ही भाषा तीत आहेत.

खाजगी कंपनीत घडलेले साधन सहसा त्या कंपनीच्याच मालकीचे राहते. खुले साधन दुसऱ्याला तपासता येते, सुधारता येते आणि शिकविताही येते. या स्थित्यंतराचे खरे महत्त्व येथे आहे.

परंतु यंत्र शिकते ते नमुन्यांवरून. संगणकजालावर इंग्रजी मजकूर विपुल आहे. मराठी त्या मानाने थोडा आणि बोलींतील तर अत्यल्प. म्हणूनच या केंद्राने लोकांकडे जाऊन आवाज ध्वनिमुद्रित केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडिकव्हॉइसेस' या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीत १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ व्यक्तींचे ७,३४८ तासांचे बोलणे होते. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग उत्स्फूर्त बोलण्याचा होता. वाचून दाखविलेला मजकूर एक दशांशाहूनही कमी होता. माणूस आपली अडचण कागदावरून वाचून सांगत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रमाणामागील विचार कळतो.

आपल्या दृष्टीने प्रश्न एवढाच की, वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या वृद्धेने निवृत्तिवेतनाविषयी विचारलेले यंत्रास उमगले नाही, तर तिने परत जावे काय? यंत्राचे अज्ञान हा तिचा दोष ठरता कामा नये.

यास्तव काही कर्तव्ये आपणांकडेही येतात. शिक्षकांनी हे यंत्र कसे शिकते व कोठे चुकते, हे विद्यार्थ्यांना समजावून द्यावे. अधिकाऱ्यांनी भाषांतरित आदेशातील रक्कम, दिनांक, नाव व गट क्रमांक मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याविना स्वाक्षरी करू नये. गावात कोणी आवाजाचे नमुने घेण्यास आल्यास, ते कशासाठी वापरले जाणार हे पंचायत सदस्यांनी विचारून घ्यावे आणि बोलणाऱ्याची संमती स्वेच्छेची आहे याची खात्री करावी.

कंपनीतील ज्ञान वर्गापर्यंत आणणारे अध्यापक आपले काम करीत आहेत. ते ज्ञान वर्गातून चावडीपर्यंत नेण्याचे काम आपले आहे. यंत्रास आपली भाषा आपणच शिकविली पाहिजे. अन्यथा आपणांस यंत्राची भाषा शिकावी लागेल.