फुफ्फुसांचं पासबुक

(ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. 37 वर्षं बँकेत नोकरी केली आणि त्यातली 30 वर्षं सिगारेट ओढली. तेवढाच माझा अधिकार!

आमच्या वेळी साहेबांच्या टेबलावर पेपरवेटशेजारी अ‍ॅशट्रे असायचाच. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी कडक झाली ती 2 ऑक्टोबर 2008 पासून. त्याआधी अडवणार कोण? घरी मी गॅलरीत उभा राहून ओढायचो. धूर मात्र हॉलमध्ये यायचाच. धाकट्याला लहानपणी सारखी धाप लागायची आणि आम्ही पावसाळी हवेला नावं ठेवायचो. 2003 साली सिगारेट सोडली.

गेल्या वर्षी लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दोनदा बसावं लागलं. डॉक्टरांनी यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते त्यात मोजतात. निदान झालं सीओपीडी.

मी म्हणालो, "अहो, सोडून वीस वर्षं झाली!" डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. वयाबरोबर फुफ्फुसांची ताकद सगळ्यांचीच थोडी थोडी घटते. हा घसारा. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा घसारा फार वेगाने होतो. सोडली की गेलेलं मुद्दल परत येत नाही, पण पुढची गळती मंदावते. म्हणून कुठल्याही वयात सोडली तरी फायदाच.

मग त्यांनी विचारलं, "हल्ली आसपास कसला धूर असतो का?" मी नाही म्हणालो. घरी आलो तर बी विंगच्या मागे पाला जळत होता!

मंडळी, पाला जाळायचा निर्णय 2001 साली सेक्रेटरी असताना मीच घेतला होता. उचलून नेण्याचं भाडं वाचेल म्हणून. ताळेबंदात बचत दिसली. सफाईवाले मामा तोंडाला रुमाल बांधून खोकत पाला पेटवतात, तो खर्च कुठल्याच खात्यात लिहिला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली, तरी आपण थांबलो नाही. वर्षभर हे बोलायला मला धीर झाला नाही, हेही कबूल करतो.

धूर विडीचा, पाल्याचा की मच्छर कॉइलचा, हे फुफ्फुस विचारत बसत नाही. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत पाल्याच्या खतासाठी खड्डा करण्याचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन द्या. जिन्यात सिगारेट ओढणाऱ्या तरुण मित्रांना एवढंच सांगतो, मी रागावणार नाही. एकदा माझ्याबरोबर तीन मजले चढून या.