फौजेला वाट नाही



बेंगळुरूच्या या एचएसआर लेआउटचं नाव दोन रस्त्यांवरून पडलं, होसूर आणि सर्जापूर. सप्टेंबर 2016मध्ये यातला होसूरचा रस्ता बंद पडला होता. कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं, तमिळनाडू पासिंगच्या बस जळून खाक झाल्या आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या हद्दीवरच थांबल्या. अत्तिबेलेला माणसं खाली उतरत होती आणि हातात बॅगा, कडेवर मुलं घेऊन पायीच होसूरकडे निघत होती. भांडण दोन सरकारांचं, पायपीट त्यांची. पुढे 16 फेब्रुवारी 2018ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात बेंगळुरूला पिण्यासाठी 4.75 टीएमसी पाणी धरलं होतं, आणि या वेळी शहर शांत राहिलं.

वाट कुणी अडवायची आणि कुणाला द्यायची, हा प्रश्न एकदा दोन देशांमध्ये उभा राहिला होता. त्यात मराठी माणसं होती, पेशवाईतला एक तह होता आणि युद्धाची खरीखुरी शक्यता होती. कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी ती हकिगत नीट माहीत करून घ्यायला हवी, कारण अभ्यासक्रमात ती एखाद्या तळटीपेपुरती येते.

हकिगत दादरा आणि नगर हवेलीची आहे. पोर्तुगिजांचं दमण समुद्रकाठी आणि हे दोन तुकडे आत, चारही बाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले. 22 जुलै 1954ला दादरा मोकळं झालं, 2 ऑगस्टला सिल्वासा. भारतीय सैन्य तिथे गेलं नव्हतं. गेले ते युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे कार्यकर्ते, आझाद गोमंतक दलाची माणसं आणि महाराष्ट्रातून आलेले स्वयंसेवक. विश्वनाथ लवंदे होते, राजा वाकणकर होते, आणि घराघरांत ज्यांची गाणी ऐकली जात ते सुधीर फडकेही होते. ही काही निःशस्त्र चळवळ नव्हती. दादऱ्याच्या चौकीवर एक पोर्तुगीज पोलीस अधिकारी मारला गेला. तो रक्ताचा डाग झाकून ही गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आता पोर्तुगालपुढे प्रश्न होता की दमणहून फौज आत न्यायची कशी? मधली वाट भारताची. भारताने ती बंद केली. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि त्याचा हुकूमशहा सालाझार एक इंचही सोडायला तयार नव्हता. अशा वेळी एखाद्या तुकडीने जबरदस्तीने हद्द ओलांडली असती तर पुढचं काय झालं असतं, याचा अंदाज करायला मोठा अभ्यास लागत नाही.

पोर्तुगाल न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 1955ला त्याला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं, 19 तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि 22 तारखेला भारतावर दावा लावला. आठ दिवसांत सगळं उरकलं. हेगला भारताची बाजू मांडायला ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड होते आणि खंडपीठावर भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबईचे एम. सी. छागला.

पोर्तुगालचा आधार काय होता? 1779 सालचा पुण्याचा तह. पेशव्यांनी या गावांवरची सत्ताच आपल्याला दिली, असं त्याचं म्हणणं. मग तहाचं सतरावं कलम आणि 1783 व 1785च्या सनदा बाहेर आल्या. कलमाचे वेगवेगळे पाठ न्यायाधीशांसमोर मांडले गेले. पुणे दरबारच्या कारकुनाने बोरूने लिहिलेली वाक्यं पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या शांतता प्रासादात शब्द शब्द करून तपासली गेली. न्यायालयाने निष्कर्ष काढला की पोर्तुगिजांना मिळाला होता तो सालिना 12,000 रुपयांचा सरंजाम. सरंजाम म्हणजे गावाचा वसूल घेण्याचा हक्क. गावाची मालकी त्यात येत नाही. हिंदुस्थानात असे सरंजाम सर्रास दिले जात, आणि असा सरंजाम म्हणजे मुलूखच देऊन टाकणं, असं मानल्याचं एकही उदाहरण न्यायालयापुढे आलं नाही.

एवढ्यावर भारत जिंकला नाही, हेही सांगायला हवं. इंग्रजांनी आणि नंतर भारताने वर्षानुवर्षं तिथली पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात चालू दिली होती, ती न्यायालयाने मोजली. 12 एप्रिल 1960च्या निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, असं 11 विरुद्ध 4 मतांनी ठरलं. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना मात्र असा हक्क नव्हता. हे ठरलं 8 विरुद्ध 7 मतांनी. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर दमणच्या फौजेच्या हातात हेगचा परवाना पडला असता. इथेही जुना कागदच कामी आला. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या 1878च्या करारात एकमेकांच्या हद्दीत सैन्य नेण्यासाठी रीतसर विनंतीची अट होती. ज्याला विनंती करावी लागते, त्याला हक्क नसतो.

निकालातली आणखी एक जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. जुलै 1954मध्ये भारताने सगळीच वाट बंद केली ते योग्य होतं का? 9 विरुद्ध 6 मतांनी न्यायालय म्हणालं, होय, भारताने कर्तव्यभंग केला नाही. कारण दादऱ्यातल्या घटनांनी आसपासच्या भारतीय मुलखात तणाव निर्माण झाला होता. लोकांची खदखद अशी थेट निकालपत्रात उतरली.

गोव्याच्या बाबतीत असा कागदावर निवाडा करणं जमलं नाही. 18 मे 1955ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्दीत शिरले. 15 ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक जण ठार झाले. गोऱ्यांनी आग्वादच्या तुरुंगात दिवस काढले. डिसेंबर 1961मध्ये अखेर भारतीय सैन्य आत गेलं आणि दोन्हीकडचे सैनिक मेले. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध आलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. भारताची बाजू न्यायाची होती, पण त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या शब्दांपेक्षा मॉस्कोचा हात जास्त उपयोगी पडला. हे मान्य केल्याने गोव्याचं स्वातंत्र्य तसूभरही उणं होत नाही. सालाझारने चौदा वर्षं बोलणी टाळली, त्याचं ते फळ होतं.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं दार दोन्ही पक्षांनी आधी मान्य केलं असेल तरच उघडतं. ऑगस्ट 1999मध्ये कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं गेलं आणि पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांचे वाद आपण या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, असं भारताने सांगितलं. जून 2000मध्ये 14 विरुद्ध 2 मतांनी दावा तिथेच संपला. पुढे 2017मध्ये भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, तेव्हा भारतालाच त्या दाराशी जावं लागलं. वाणिज्यदूतांविषयीच्या 1963च्या व्हिएन्ना कराराची किल्ली हातात होती. 8 मे रोजी अर्ज झाला, 18 मे रोजी फाशीला स्थगिती मिळाली. नागपूरचे हरीश साळवे एक रुपया फी घेऊन भारताचे वकील म्हणून उभे राहिले. 17 जुलै 2019चा निकाल 15 विरुद्ध 1 असा लागला. जाधवांची सुटका झाली नाही, पण त्यांना वाणिज्यदूताची भेट नाकारून पाकिस्तानने करार मोडला, हे नोंदलं गेलं. दोन अण्वस्त्रधारी देशांत एका माणसाच्या जिवावरून जे काही होऊ शकलं असतं, त्याऐवजी कागदपत्रं दाखल झाली.

ही कागदपत्रं जिवंत ठेवणारी माणसं लागतात. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास माटुंग्यात जन्मले. 1971च्या युद्धात त्यांनी बंगालच्या उपसागरात आयएनएस बियास या युद्धनौकेचं नेतृत्व केलं, वीरचक्र मिळवलं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करता करता ते भारत-पाकिस्तान लोकमंचाच्या कामात पडले. ज्यांच्याशी लढले त्यांच्याच देशातल्या इब्न अब्दुर रहमान यांच्यासोबत 2004चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. अशा माणसाला देशप्रेम शिकवायला कोण जाणार?

त्यांच्यासारख्यांचा शांततेचा आग्रह किती उपयोगी पडतो ते पालघरच्या कोळीवाड्यात विचारा. समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानी तुरुंगात पडलेला खलाशी आहे की नाही, जिवंत आहे की नाही, हे 2008च्या करारामुळे कळतं. 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही सरकारं कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. 1988च्या करारान्वये अणुकेंद्रांच्या याद्याही दर 1 जानेवारीला दिल्या जातात. 1992ला पहिली यादी दिली गेली, आणि कारगिलनेही हा रिवाज मोडला नाही.

मित्रहो, उद्यापासून तुमच्यातले बरेचजण इथल्याच सत्ताविसाव्या मेन रोडवरच्या एखाद्या कंपनीत करारनामे तपासायला बसतील. ते काम मन लावून करा. पण वर्षातून दोनदा त्या याद्या निघाल्या का, किती खलाशी सुटले, हे तुमच्या खासदाराला पत्राने विचारा. युद्धाची भाषा सुरू होईल तेव्हा कोणता करार लागू आहे हे शोधून काढा आणि शेजाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगा. सुरुवात म्हणून पोर्तुगाल विरुद्ध भारत हा निकाल आज रात्रीच उघडा. न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो मोफत आहे. इंग्रजी आणि फ्रेंच मजकुराच्या गर्दीत ‘सरंजाम’ हा आपला शब्द तुम्हाला तिथे सापडेल.